शनिवारची वाफ

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो राइली केस्किटालोच्या घरात चांगलं बस्तान मांडून बसला होता. गावातल्या निम्म्या बंदुका तिच्या हातून नव्या झालेल्या. कोणाच्या आजोबांची, कोणाच्या मेलेल्या नवऱ्याची, कोणी माळ्यावर टाकून विसरलेली. गंजलेली, बघवणार नाही अशी बंदूक तिच्या गॅरेजमध्ये यायची आणि पंधरा दिवसांनी अशी होऊन बाहेर पडायची की मालकाने दोनदा नंबर ताडून बघावा. आणि सख्ख्या बापाची बंदूक? ती स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीवर, गंजाने भरलेली.

"अगं, लोकांच्या बंदुकांना साज आणि बापाच्या बंदुकीला खाज!" शेजारची डेल्फीन बोद्री म्हणायची. डेल्फीन विधवा, वय सत्तर, जीभ करवतीसारखी. नवऱ्याची बंदूक तिने आपल्या ट्रकच्या रंगात, म्हणजे चक्क जांभळ्या रंगात रंगवायला दिली होती. वर म्हणाली होती, "जिवंत होता तेव्हा त्याने मला एक जांभळा झगा घेऊ दिला नाही. आता बसू दे वरून बघत."

राइली हसायची आणि विषय बदलायची. दिवसा ती शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांना जेवण वाढायची, संध्याकाळी आणि शनिवारी रंगाचं काम करायची. वेळ मिळत नाही असं सांगायला सोपं होतं. पण वेळ हे कारण नव्हतंच. तिला भीती वाटत होती.

भीती तौनोंची, म्हणजे तिच्या वडिलांची. वय त्र्याऐंशी. तांब्याची खाण बंद पडेपर्यंत खाणीत राबलेला माणूस. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यात धुकं शिरलं. आमच्याकडे सुपीरियर सरोवरावरून धुकं येतं ना, तसंच ते आलं. आधी जवळचं गिळलं: चष्मा, गोळ्या, सकाळचा नाश्ता. मग चर्चचा रस्ता गेला. मग माणसांची नावं गेली. लांबचं मात्र सगळं लख्ख. सत्तावन्न साली कोणत्या ओढ्याला किती मासे लागले ते विचारा, आकडा हजर.

जून महिन्यापासून त्यांनी राइलीला राइली म्हटलं नव्हतं. "पोरी" म्हणायचे. पण पोरी ते दुकानातल्या मुलीलाही म्हणायचे आणि नर्सलाही. एखाद्या दिवशी तर सरळ "बाई" म्हणत. भाऊ एस्को डेट्रॉइटहून फोन करायचा, विचारायचा, "तुला ओळखतात ना गं?" राइली म्हणायची, "न ओळखायला काय झालं? मला ओळखतात." खोटं बोलताना ती चहाच्या कपाकडे बघायची, जसा काही एस्को समोरच बसलाय.

एक गोष्ट मात्र तौनो बिनचूक ओळखायचे. ती बंदूक. रोज सकाळी कॉफी झाली की खुंटीवरून ती काढायची, मांडीवर आडवी घ्यायची आणि मधल्या पोलादी पेटीवर अंगठा फिरवायचा. बंदूक एका हातात धरून चालताना जिथे तोल सापडतो, बरोबर तिथे. साठ वर्षं तिथे त्यांचा पंजा बसला होता. काळा मुलामा झिजून खालचं पोलाद उघडं पडलं होतं आणि गुळगुळीत होऊन चमकत होतं. आमच्याकडे त्याला चांदी पडली म्हणतात, आणि ज्याच्या बंदुकीवर चांदी तो खरा शिकारी, असा मान असतो. तौनो त्या चांदीवर अंगठा टेकायचे आणि म्हणायचे, "माझी."

त्या एका शब्दासाठी राइली सकाळी लवकर उठायची, म्हटलं तरी चालेल.

बंदुकीत जीव नव्हता तसा. दोन वर्षांपूर्वी एस्कोने गुपचूप आतली, गोळीला ठिणगी देणारी टोचणी काढून घेतली होती. चाप ओढला तरी नुसतं टिक्. पण तौनो ओढतच नसत. पंधरा नोव्हेंबरला हरणांचा हंगाम उघडतो. आमच्याकडे त्या दिवशी शाळांना सुट्टी आणि अर्ध्या गावाला खोकला होतो. त्या दिवशी ते जंगलातल्या लाकडी कॅम्पवर जायचे, बंदूक मांडीवर घेऊन बसायचे, झाडांकडे बघायचे आणि परत यायचे. तेवढंच. पण त्यावर त्यांचं सगळं वर्ष निघायचं.

मग यंदा एप्रिलमध्ये करायला गेले एक आणि झालं भलतंच. शनिवारी सौना तापवलेला होता. घामाने अंग धुवायची लाकडी खोली ती, कोपऱ्यात शेगडी, शेगडीवर दगड. दगडांवर गडवाभर पाणी टाकलं की वाफ उठते. त्या वाफेला राइलीच्या आजीच्या भाषेत जे नाव होतं त्याचा जुना अर्थ होता जीव. तौनो बंदूक घेऊनच आत गेले. का, ते देव जाणे. कदाचित बाहेर ठेवली तर कोणी नेईल असं वाटलं असेल. बाहेर आले ते एकटेच. बंदूक रात्रभर त्या ओल्या उबेत पडून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी राइलीला सापडली तेव्हा ती नखशिखांत तांबूस झाली होती. चांदीसुद्धा.

तेव्हापासून रोज सकाळी एकच प्रश्न. बंदूक मांडीवर घ्यायची, गंजाकडे बघायचं आणि विचारायचं, "झाली का?"

"होईल, बाबा."

"माझ्या मुलीकडे द्या. ती करते ही कामं."

"सांगते तिला," राइली म्हणायची.

आता रंगाचं काम माहीत नसलेला माणूस म्हणेल, मग दे ना रंगवून, अडलंय कुठे? अडलं होतं ते इथे: नवा थर द्यायचा तर जुनं सगळं घासून काढावं लागतं. गंज, काळा मुलामा, सगळं. आणि ती चांदीही. पोलाद एकसारखं राखाडी करायचं आणि त्यावर तो टणक रंग, जो दगडावर घासला तरी निघत नाही. बंदूक नवीकोरी होणार. आणि नव्याकोऱ्या बंदुकीला तौनो "माझी" म्हणतील कशावरून? पोटची पोर धुक्यात गेली होती. बंदूकही गेली तर त्यांचं म्हणून या जगात काय उरणार होतं? राइली सहा महिने गंजाकडे बघत बसली. गंज काही थांबून बघत बसला नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तौनोंनी नेहमीप्रमाणे अंगठा फिरवला आणि हात वर केला. पंजाभर तांबडी पूड. ते बराच वेळ त्या पंजाकडे बघत राहिले.

"मारली मी हिला," ते म्हणाले. आणि रडायला लागले. लहान मुलासारखे नाही, म्हाताऱ्या माणसासारखे, आवाज न करता.

राइलीने बंदूक त्यांच्या मांडीवरून उचलली. "आज घेते करायला," ती म्हणाली. "पंधराच्या आत देते. शब्द."

त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये तिने दस्त्याचं लाकूड सोडवून बाजूला ठेवलं. नळी आणि पेटी तेवढी समोर घेतली. पॉलिश पेपर हातात घेतला, आणि चांदीच्या जागेवर मात्र हात चालेना. बाकी सगळं घासून झालं. बाहेर बारीक बर्फ पडायला लागला होता, खिडकीच्या काचेवर येऊन विरघळत होता. तिने डोळे मिटले आणि त्या जागेवर बोट ठेवलं.

ओढा दिसला. ती आठ वर्षांची. ओढ्यावर आडवा पडलेला देवदाराचा ओंडका, शेवाळलेला. तौनो आधी गोळ्या काढून खिशात घालायचे, बंदूक रिकामी करून दोनदा बघायचे आणि मग आडवी धरायचे, मधोमध. "तू इथे धर," म्हणायचे, स्वतःच्या पंजाच्या अगदी पुढे. तिचा हात त्यांच्या हाताला लागून असायचा. दोघं बाजूबाजूने सरकत ओंडका ओलांडायचे, मधे ती बंदूक कठड्यासारखी. खाली पाणी काळं, त्यात आभाळ. "खाली बघू नकोस. हाताकडे बघ," तौनो म्हणायचे. ती दोन हातांकडे बघत चालायची, एक मोठा, एक छोटा, आणि पलीकडचा काठ आपोआप पायाखाली यायचा. कधीकधी तो काठ यायचाच नाही. स्वप्नात तरी. स्वप्नात ती दोघं चालतच राहायची आणि तिला अजिबात भीती वाटायची नाही.

तिने डोळे उघडले आणि चांदी घासून काढली. नंतर नाक शिंकरून थिनरचा डबा उघडला.

या धंद्यात एकच मोठं पाप आहे. थिनरने धुतलेल्या पोलादाला, किंवा ओल्या रंगाला, उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटाचं तेल डोळ्यांना दिसत नाही, पण रंग ते विसरत नाही. म्हणून हातमोजे, म्हणून तारेला टांगून स्प्रे, म्हणून टांगलेलं वाळेपर्यंत कोणाची सावली पडू द्यायची नाही. राइलीने रंग निवडला तो काळसर निळा, नोव्हेंबरातल्या सरोवराचा. रंग टणक करणारा हार्डनर मोजून मिसळला. शनिवारी तेरा तारखेला सकाळी दोन हात मारले. थर असा बसला, असा बसला की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

पण बाहेर पाणी गोठत होतं, आणि गारठलेल्या गॅरेजमध्ये हा रंग आठवडाभर चिकटच राहतो. त्यावर राइलीचा स्वतःचा उपाय होता. सौना. शेगडीत बारीक विस्तव, दगडांवर पाण्याचा थेंब नाही, कोरडी मऊ ऊब, देवदाराचा वास, आणि छताच्या आकड्यांना टांगलेल्या बंदुका. चार वर्षं तिने सगळ्या गावाच्या बंदुका तिथेच वाळवल्या होत्या. डेल्फीन म्हणायची, "तुझ्या सौनात माणसांपेक्षा बंदुका जास्त घामेजतात."

"बाबा, आज सौना नाही हां," राइलीने तीनदा सांगितलं. "उद्या. आज रंग वाळतोय." दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: आत येऊ नका. तौनोंना खिडकीशी बसवलं, कॉफी दिली, वेलचीच्या पावाचे दोन तुकडे दिले. तीन वाजता ती डेल्फीनची जांभळी बंदूक पोचवायला शेजारी गेली. वीस मिनिटं. फार तर पंचवीस, कारण डेल्फीनने ती बंदूक ट्रकला लावून बघितली, छातीला लावून बघितली, नवऱ्याच्या फोटोसमोर नाचवली आणि म्हणाली, "बघ रे, थेरड्या!"

परत येताना राइलीने वर बघितलं. सौनाच्या धुराड्यातून जाड पांढरा धूर निघत होता. बारीक विस्तवाचा नव्हे, भरल्या शेगडीचा.

आता इथे दोष कोणाला द्यायचा ते तुम्हीच ठरवा. माणूस तारीख विसरतो, बायकोच्या मरणाचं वर्ष विसरतो, पण ज्याने ऐंशी वर्षं दर शनिवारी संध्याकाळी सौना केलाय त्याचं अंग शनिवार विसरत नाही. दारावर काय लिहिलंय ते अंगाला वाचता येत नाही. राइलीने सगळ्याचा विचार केला होता, फक्त त्या अंगाचा केला नव्हता. आमच्यातला कोणीही हीच चूक करेल, आणि आमच्याशिवाय दुसरा कोणी करणार नाही.

तिने दार उघडलं तेव्हा आत काही दिसेना. सगळं पांढरं. दगड चुरचुरत होते. वाफ हळूहळू दाराबाहेर सरकली आणि वरच्या फळीवर तौनो दिसले, कमरेला टॉवेल, केस कपाळाला चिकटलेले, चेहरा असा शांत की बघत राहावं. मांडीवर बंदूक. तारेवरून काढून घेतलेली, मधोमध मुठीत घट्ट धरलेली.

"कोणी टांगली हो ही इथे?" ते म्हणाले. "भिजेल ना! गंज चढेल. मी काढून ठेवली."

राइलीच्या तोंडून जे निघालं ते चर्चमध्ये जाणाऱ्या बाईच्या तोंडून निघू नये. ती धावली आणि बंदूक ओढली. तौनोंनी सोडली नाही. का सोडावी? कोणी परकी बाई त्यांची बंदूक हिसकावत होती. ती ओढतेय, ते ओढताहेत, त्या वाफेत दोघांचे हात एकमेकांना लागून, आणि राइली ओरडतेय, "सोडा! बाबा, सोडा! सगळं वाटोळं केलंत! एक दिवस, एक दिवस तुम्हाला बसवत नाही का एका जागी?"

तौनोंनी एकदम हात सोडला. ते फळीवर मागे सरकले, भिंतीला टेकले.

"माफ करा, बाई," ते म्हणाले. "मला वाटलं माझी आहे."

राइली बंदूक हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिला स्वतःची लाज वाटली. मग तिने बंदूक बाहेर ठेवली, आत आली, त्यांच्या शेजारी फळीवर बसली, कपड्यांसकट. गडवा घेतला आणि दगडांवर पाणी टाकलं. आता उरलं काय होतं वाचवायला? वाफ उठली. दोघं बसून राहिली, घाम डोळ्यांत उतरेपर्यंत.

संध्याकाळी दिव्याखाली तिने बंदूक बघितली. वाफेने रंगावर दुधट झाक आली होती, ती मऊ फडक्याने पुसून बरीचशी गेली. पण मधल्या पेटीवर, ज्या जागी चांदी होती अगदी त्याच जागी, ओल्या रंगात चार बोटं आणि तळवा रुतून बसला होता. आणि त्याच्या पुढे, त्याला लागून, दुसरा लहान पंजा. तिचा. रंग वाळून घट्ट झाला होता. आता काढायचं तर पुन्हा सगळं घासा, पुन्हा थर, पुन्हा वाळवण. चार दिवसांचं काम, आणि हातात एक रविवार.

एस्कोला फोन केला. एस्को डेट्रॉइटमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. तो म्हणाला, "अगं, माळ्यावर माझी जुनी आहे, ती दे त्यांच्या हातात. त्यांना काय कळतंय आता?"

"त्यांना कळतं," राइली म्हणाली.

"राइली, मला माहीत आहे. ते तुला ओळखत नाहीत. मला उन्हाळ्यातच कळलं होतं."

राइलीने चहाचा कप बाजूला सारला. फोनमध्ये एस्कोच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

"दे काहीही," तो हळूच म्हणाला. "स्वतःला इतका त्रास करून घेऊ नकोस गं."

रविवारी तिने लाकडी दस्ता बसवला, बंदूक जोडली आणि फडक्यात गुंडाळून ठेवली. त्या दिवशी तौनोंनी कॉफी घेतली, रिकाम्या खुंटीकडे बघितलं, पण "झाली का" विचारलं नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा. राइली दिवसभर त्या दोन शब्दांची वाट बघत घरात फिरत राहिली. ज्या प्रश्नाने जीव नकोसा केला होता तोच आता कोणी विचारावा म्हणून ती आसुसली.

पंधरा तारखेला उजाडायच्या आधी दोघं कॅम्पवर पोचली. अंगात नारिंगी जाकिटं, डब्यात मांस आणि बटाटा भरून भाजलेल्या, जाड कणकेच्या पेस्ट्या, थर्मासमध्ये कॉफी. रात्रभर बर्फ पडून थांबला होता. जंगलात आवाज असा नव्हताच. उजेड कुठून येतोय ते कळत नव्हतं, झाडंच हळूहळू पांढरी होत चालली होती. कॅम्पच्या ओसरीत बाकावर तौनो बसले. राइलीने फडकं सोडलं आणि बंदूक त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी बघितलं. काळसर निळी, चकचकीत.

"छान आहे," ते म्हणाले. "कोणाची?"

"तुमची, बाबा."

"नाही हो." ते समजावणीच्या सुरात म्हणाले, जसं दुकानदाराला चुकीचं सामान परत करताना म्हणतात. "माझीला इथे चांदी आहे. ही नवी आहे. ज्याची असेल तो शोधत असेल, देऊन टाका त्याला." आणि त्यांनी बंदूक उचलून बाकावर, दोघांच्या मधे ठेवली. अगदी जपून.

झालं. ज्याची सहा महिने भीती होती ते झालं, आणि झालं तेही इतक्या सभ्यपणे की रडायलाही जागा ठेवली नाही. राइलीने समोर बघितलं. ओढा तिथून दिसत होता, ओंडका कधीच वाहून गेलेला. तिने कॉफी ओतली, कप त्यांच्या पुढे धरला.

कप घ्यायला तौनोंनी उजव्या हाताचा मोजा काढला. कॉफी प्यायले. साखरेचा खडा दातात धरून, सावकाश. रिकामा कप खाली ठेवला आणि उघडा हात सवयीने बाजूला टेकवला. तो बंदुकीवर टेकला.

हात तिथेच थांबला.

तौनो समोर झाडांकडे बघत होते. त्यांचा पंजा थोडा मागे सरकला, थोडा पुढे, आणि बसला. चार बोटं चार खळग्यांत, तळवा तळव्यात. त्यांनी खाली बघितलंच नाही. बंदूक उचलून मांडीवर घेतली आणि अंगठा फिरवला. एकदा. दोनदा.

"अरे," ते म्हणाले. "माझी."

तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही आवरताना तिच्या नाकातून विचित्र आवाज निघाला. तौनोंचं लक्ष नव्हतं. त्यांचं बोट पुढे सरकलं होतं, दुसऱ्या पंजाकडे. ते एकेक खळगा चाचपत होते, डोळे मिटून.

"हा राइलीचा," ते म्हणाले.

जून महिन्यापासून न ऐकलेलं नाव. त्या बर्फात ते इतकं साधं वाजलं की तिला आधी खरं वाटेना.

"ओढा ओलांडताना इथे धरते ती. माझ्या पुढे." ते पुन्हा चाचपू लागले आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "हात मोठा झालाय तिचा. कधी झाला एवढा?"

"झाला, हळूहळू," राइली म्हणाली.

तौनोंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. नीट, आस्थेने, नव्याने ओळख होत असलेल्या माणसाकडे बघतात तसं.

"माझी मुलगी आहे ती. ओळखता का तिला, बाई?"

आठ वर्षांची असती तर ती ओरडली असती, बाबा, मीच ती. शनिवारी तर ओरडलीच होती. आता तिने त्यांच्या मिटलेल्या पंजाकडे बघितलं, खाली नाही, हाताकडे, आणि आपला मोजा काढून आपला पंजा त्याच्या पुढे ठेवला, स्वतःच्या ठशावर. गार होतं. बरोबर बसला.

"ओळखते," ती म्हणाली.

"मग सांगा तिला," तौनो म्हणाले. "रोज विचारत होतो मी. सांगा, झाली म्हणावं."

"सांगते."